गोव्याच्या रानात पक्षी बघायला: आदल्या संध्याकाळपासून परतीच्या फाटकापर्यंत

नोव्हेंबर लागला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. "गोव्यात येतोय, दोन दिवस हातात आहेत. जंगल फिरायचंय, पक्षी बघायचेत. कुठे जाऊ?" मी फोंड्याला राहतो आणि सुट्टीची पहाट शक्यतो घाटाच्या पायथ्याशी घालवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा यादी आधीच केलेली असते: दूधसागर, तांबडी सुर्ल, बोंडला, जमलं तर खोतीगाव. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. एकच रान निवडा आणि त्याच वाटेवर लागोपाठ दोन सकाळी जा. पहिल्या दिवशी वाट कळते, दुसऱ्या दिवशी पक्षी दिसतात.

हे प्रत्यक्षात कसं जमवायचं ते क्रमाने सांगतो.

आधी रान ठरवा

गोव्याचा पूर्वेकडचा डोंगरपट्टा जवळजवळ सलग संरक्षित आहे. उत्तरेला सत्तरीत म्हादई अभयारण्य (२०८ चौ.कि.मी.), त्याच्या दक्षिणेला भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातच येणारं मोले राष्ट्रीय उद्यान (मिळून २४० चौ.कि.मी.), पुढे सांगे तालुक्यात नेत्रावळी (२११ चौ.कि.मी.) आणि अगदी खाली काणकोणात खोतीगाव (सुमारे ८६ चौ.कि.मी.). म्हादई आणि नेत्रावळी १९९९ साली अभयारण्यं झाली, खोतीगाव त्याआधी तीसेक वर्षं. बोंडला जेमतेम ८ चौ.कि.मी.चं, पण फोंड्याहून जवळ.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. हे सगळं रान सारखं सदाहरित नाही. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या अंगाला त्याहून जास्त. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने बरेचसे कोरडे. त्यामुळे उतारांवर माट्टी (देशावरचा ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष), किंदळ, जांभा अशी पानगळीची झाडं, आणि जिथे पाणी झिरपत राहतं त्या व्हाळांच्या (ओढ्यांच्या) काठी, घळीत, खोऱ्यांच्या तळाशी खरं काळोखं सदाहरित रान. पक्षी बघायला आलेल्या माणसाने हा फरक नकाशावर शोधायचा. जिथे वाट व्हाळाला समांतर जाते किंवा तो ओलांडते, तिथे दोन्ही रानांची सीमा असते आणि दोन्हीकडचे पक्षी एका जागी भेटतात.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी तांबडी सुर्ल सांगतो. फोंड्याहून मोले तीसेक किलोमीटर, तिथून आत रस्त्याने देवळापर्यंत. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं हे काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ रानाच्या कुशीत आहे. शेजारून नदी वाहते आणि देवळाचं आवार मोकळं असल्यामुळे भोवतीच्या झाडांचे शेंडे नजरेत येतात. सदाहरित रानात ही फार मोठी सोय आहे, कारण एकदा आत शिरलात की वीस मीटर उंचीवरच्या पक्ष्याचं फक्त पोट दिसतं.

ज्यांना एकांत हवा आहे आणि दक्षिण गोव्यात मुक्काम आहे, त्यांनी खोतीगाव करावं. काणकोणच्या चावडीहून फाटक दहाएक किलोमीटर. झाडं उंच, माणसं कमी, पाणवठ्यावर झाडावर बांधलेलं मचाण. मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर बोंडला. ते गुरुवारी बंद असतं, हे विसरून पुष्कळ जण परत फिरतात. नेत्रावळीला शनिवार-रविवारी धबधब्यांवर गर्दी असते, मधल्या वारी जा. म्हादईचं रान माझ्या सगळ्यात जवळचं, पण ते वाट माहीत असलेल्या गावकऱ्याशिवाय आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही.

दूधसागर या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो बघण्यासारखा आहेच. पण कुळ्याहून जीपने जाऊन यायचं, ठरलेला वेळ, भोवती शेकडो माणसं; पक्ष्यांची सकाळ त्यात खर्ची घालू नका. आणि रुळांवरून चालत जायचा विचार करूच नका. रेल्वेने ते बंद केलंय, आणि बोगदे व वळणांच्या त्या मार्गावर गाडी येताना ऐकू येईलच असं नाही.

केव्हा यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोपा काळ. पाऊस संपलेला, वाटा वाळलेल्या, उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी हजर. नवरंग याच दिवसांत रानातल्या पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधताना सापडतो. फेब्रुवारी ते एप्रिल मला स्वतःला जास्त आवडतो. ऊन चढतं खरं, पण धनेशांची वीण चालू असते, उंबर आणि इतर रानफळं पिकलेली असतात, आणि पानगळीमुळे उतारावरचं रान उघडं पडतं. पावसाळ्यात रान सर्वांत सुंदर. शीळकरी कस्तुर उजाडायच्या आधी व्हाळावर बसून माणसाने शीळ घालावी तसा गातो, आणि तिबोटी खंड्या याच दिवसांत मातीच्या दरडीत घरटं करतो. पण नव्या माणसाने पावसाळ्यात एकट्याने जाऊ नये. वर घाटात पाऊस झाला की खाली कोरड्या आकाशाखाली व्हाळ अचानक फुगतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली. निघण्याआधी त्या आठवड्यात काय उघडं आहे ते विचाराच.

परवानगी आणि आदली संध्याकाळ

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि फाटकावर पावती फाडली म्हणजे सगळं रान खुलं झालं असंही नाही. पावती ठरावीक वाटेपुरती असते. म्हणून आदल्या दिवशी दुपारी त्या अभयारण्याच्या कचेरीत स्वतः जा (मोलेची कचेरी हमरस्त्यालाच आहे) आणि चार गोष्टी विचारा: फाटक नेमकं किती वाजता उघडतं, कोणती वाट चालू आहे, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि बरोबर येणारा स्थानिक वाटाड्या मिळेल का. ओळखपत्र जवळ ठेवा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारा: "सध्या कुठलं झाड पिकलंय?" वनरक्षकाला ते बहुधा माहीत असतं, आणि त्या एका उत्तरावर तुमची सकाळ अवलंबून असते.

वाटाड्याचे पैसे वाचवू नका. फाटकाजवळच्या गावातला माणूस घ्या. ही रानं रिकामी नाहीत. खोतीगावात वेळीप लोकांचे वाडे आहेत, सुर्लाच्या बाजूला गवळी-धनगरांची वस्ती आहे. ज्याचं बालपण त्या वाटेवर गुरं हाकण्यात गेलं, त्याला गव्याचा ताजा माग आणि कालचा माग यातला फरक कळतो.

सामान थोडकं. दुर्बीण ८×४२ घ्या, १०×४२ नको. पहिला आकडा किती मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच येतात, दहाने भागलं की चारहून थोडं जास्त. हा प्रकाशाचा झोत जितका रुंद तितकं अंधाऱ्या रानात स्पष्ट दिसतं, शिवाय आठपटीत हात कमी थरथरतो आणि चौकट रुंद मिळते. पूर्ण बाह्यांचा मळकट हिरवा किंवा खाकी शर्ट, लांब पँट, घोट्याच्या वर येणारे बूट, जळवांसाठी जाड कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, दोन लिटर पाणी, छोटी बॅटरी, वही आणि पेन्सिल. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, आत रेंज जाते. अत्तर नको, कुरकुरणारं रेनकोटचं कापड नको. आणि आदल्या संध्याकाळी पोदेराकडून पाव घेऊन ठेवा, पहाटे पाच वाजता वाटेत हॉटेल उघडं सापडणार नाही.

पहाट

जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही साडेसहाला फाटकाशी किंवा देवळाच्या आवारात उभे असायला हवं. पहिली बस धरून हे जमत नाही. स्वतःची गाडी, भाड्याची दुचाकी किंवा जवळचा मुक्काम हवा. मोलेच्या रस्त्यावर अंधारात गाडी हळू चालवा, गवे रस्ता ओलांडतात.

उजाडताना आत घाईने शिरू नका. पहिला अर्धा तास उघड्यावर काढा. ऊन आधी शेंड्यांना लागतं, म्हणून पक्षीही आधी शेंड्यांवर येतात. निष्पर्ण फांद्यांवर पिचू पोपट, हिरवी कबुतरं, निखार. गोव्याचा राज्यपक्षी असलेला लालगळ्या पिवळा बुलबुलही या वेळी झुडपाच्या टोकाशी बसतो: डोकं काळं, अंग पिवळं, गळ्याशी माणकासारखा लाल ठिपका. ऊन खाली उतरेल तसं पक्षी खाली आणि आत सरकतात, आणि तुम्हीही त्यांच्या मागोमाग आत जायचं.

चालायचं कमी, उभं राहायचं जास्त

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माळरानावर किंवा तळ्याकाठी चालत राहिलं की पक्षी वाढत जातात. सदाहरित रानात उलट होतं. तुमचं पाऊल पाचोळ्यात पडलं की तीस पावलांवरचं सगळं गप्प होतं, आणि पुन्हा बोलतं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. न थांबता चाललात तर तुमच्याबरोबर ती शांतता पुढे सरकत राहते आणि तीन तासांनी तुम्ही म्हणता, इथे पक्षीच नाहीत.

माझा हिशेब असा: एक किलोमीटरला दोन तास. वाटेवर दोनशे मीटरला एक जागा धरायची. व्हाळ ओलांडण्याची जागा, पडलेल्या मोठ्या झाडाने आभाळ उघडं केलेली जागा, बांबूचं बेट, फळाला आलेलं झाड. तिथे झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहायचं आणि वीस मिनिटं हलायचं नाही. पहिली पाच मिनिटं डोळे मिटून फक्त ऐका. किती वेगवेगळे आवाज आहेत ते बोटांवर मोजा. नावं आली नाहीत तरी चालेल. कुठून येतात आणि किती उंचीवरून, एवढं ठरवा. मग डोळे उघडा आणि हालचाल शोधा, पक्षी शोधू नका. हललेलं पान दिसलं की नजर तिथेच रोखून दुर्बीण डोळ्यांना लावा. नजर खाली घेऊन दुर्बीण उचलली की फांदी हरवते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली एक सकाळ सांगतो. मोलेच्या बाजूला एका व्हाळाच्या काठी उभा होतो. पंधरा मिनिटं काहीच नाही, फक्त पाण्याचा आवाज. मग लांबून भृंगराजाची धातूवर वाजवल्यासारखी शीळ आली, आणि पाच मिनिटांत सगळं झाड जिवंत झालं. बुंध्यावर निळा शिलींध्री डोकं खाली करून उतरत होता. मधल्या फांद्यांत पिवळ्या भुवईचे बुलबुल, स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपूट, वर निखारांची जोडी, आणि खालच्या झुडपात सातभाईंच्या कुळातली तपकिरी मंडळी पानं उलटत होती. याला मिश्र थवा म्हणतात. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरतात, एकाने उडवलेला किडा दुसरा टिपतो, आणि शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला सगळ्यांचे डोळे असतात. भृंगराज बहुधा बरोबर असतो. म्हणून त्याची शीळ ऐकली की जागा सोडू नका, थवा तुमच्याकडे येतोय. आणि तो निघाला की मागे धावू नका, तो झाडीतून जातो आणि तुम्हाला वाटेवरून जावं लागतं.

थवा गेला, मी दुर्बीण खाली केली आणि मान वळवली. माझ्या डाव्या हाताला, आठ पावलांवर, कर्णा बसला होता. पाठ माझ्याकडे, त्यामुळे पाचोळ्याच्या रंगाचा. हा पक्षी धोका वाटला की लाल पोट लपवायला पाठ फिरवून बसतो. तो केव्हा आला मला कळलं नाही. कदाचित मी यायच्या आधीपासून तिथेच असेल. एकदा त्याने सावकाश मान फिरवली, डोळ्याभोवतीचं निळं कडं दिसलं, मग अलगद झेप घेऊन एक किडा पकडला आणि पलीकडच्या फांदीवर बसला. त्या वेळी पोट दिसलं. कर्ण्याचा आवाज अगदी दबका असतो, "क्यू, क्यू, क्यू" असा, एका लयीत. तो ऐकला की वर बघू नका. तीन ते सहा मीटर उंचीवर, उघड्या आडव्या फांदीवर शोधा.

धनेशांचं तंत्र वेगळं. ते आधी ऐकू येतात. महाधनेश डोक्यावरून गेला की पंखांचा फुत्कार वाफेच्या इंजिनासारखा येतो, दोनशे मीटरवरूनही. कवड्या धनेश त्याहून लहान. राखी धनेशाचा आवाज कुणी खो-खो हसावं तसा. फळलेलं उंबर किंवा वड सापडला तर त्याच्याखाली जाऊ नका. पन्नास मीटर लांब, झाडीच्या आडोशाला बसा आणि एक तास द्या. फेब्रुवारी-मार्चनंतर मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून भरवतो. ढोली दिसली तर तिथून निघून या. माणूस उभा असेल तर नर फळ घेऊन घुटमळत राहतो आणि आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.

बेडूकतोंड्या हा पक्षी तुम्हाला स्वतःहून दिसणार नाही. दिवसा जोडी वाळक्या पानांत चिकटून बसते आणि अगदी वाळक्या पानांसारखीच दिसते. वाटाड्या दाखवेल. दोन मिनिटं बघा, फ्लॅश न वापरता एक फोटो काढा आणि चला. ती जागा नकाशावर टाकून कुणाला पाठवू नका.

आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. एकदा बरोबर आलेल्या एका वाटाड्याने नवरंगाचा आवाज सलग दहा मिनिटं वाजवला. पक्षी आला, फांदीवरून फांदीवर शोधत राहिला, न दिसणाऱ्या दुसऱ्या नवरंगाला उत्तर देत. फोटो छान आले. मी त्या माणसाबरोबर परत गेलो नाही. ओळख पटवायला ॲप वापरा, पण आवाज इअरफोनमध्येच ठेवा.

गोचीड, जळू, साप, गवा

जळू घाबरवते, पण त्रास देत नाही. नखाने तिचं चिकटलेलं तोंड बाजूला सारा, रक्त थोडा वेळ वाहील, दाबून धरा.

गोचिडीची मात्र खरी काळजी घ्या. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप २०१५ पासून सत्तरीतही आढळला आहे. तो गोचिडीच्या चावण्यातून पसरतो, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. म्हणजे नेमका आपल्या फिरण्याचा. पँट मोज्यांत खोचा, डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम मोज्यांवर आणि मनगटांवर लावा, पाचोळ्यावर बसू नका, दगडावर प्लास्टिक अंथरून बसा. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट बघा. छोटी गोचीड तिळापेक्षाही लहान असते. चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडीचा चटका नको. पुढच्या दहा दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना "मी रानात होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

मलबारी चापडा हा विषारी साप वाटेलगतच्या फांदीवर किंवा दगडावर तासन्‌तास निश्चल असतो, हिरवा किंवा मातकट. म्हणून न बघता हात टेकायचा नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनते, चापड्यावर नाही. दंश झालाच तर अवयव न हलवता १०८ ला फोन करा आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पोहोचा. गवा समोर आला तर थांबा, मागे सरका, झाड मध्ये घ्या. एकटा नर असेल तर त्याला वाट मोकळी करून द्या आणि अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

रानात विडी-सिगारेट नको. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईत वणवे लागले तेव्हा कित्येक दिवस डोंगर धुमसत होते. वाटेत देवराई लागली, इथे तिला राय म्हणतात, तर वाटाड्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. सत्तरीत बांबर इथल्या निरंकाराच्या रायीत रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, चिखलातून वर आलेल्या गुडघ्यासारख्या मुळांची. ती शतकानुशतकं टिकली ती गावाने देवाच्या नावाने राखली म्हणून.

परतताना

साडेदहानंतर रान शांत होतं. तेव्हा परत फिरा. फाटकावर नोंद करा, आत राहिलेल्यांची मोजणी त्यावरून होते. मग हमरस्त्यावर भाजी-पाव आणि चहा मागवा आणि तो येईपर्यंत वही उघडा. पक्ष्याचं नाव, वेळ, किती होते, झाडाच्या किती उंचीवर, काय करत होते. नाव येत नसेल तर वर्णन. संध्याकाळी ही यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, विणीच्या जागा लपवून. हे काम मी मनापासून सांगतो. २०२० मध्ये मोलेतून रेल्वेचं दुपदरीकरण, रस्तारुंदीकरण आणि वीजवाहिनी नेण्याविरुद्ध गोव्याची माणसं उभी राहिली, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. असा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा कुठल्या व्हाळावर कोणता पक्षी कोणत्या महिन्यात होता, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असायला हवं.

दुपारी झोप काढा. चारला त्याच वाटेच्या तोंडाशी जाऊन तासभर बसलात तर उत्तम. दुसऱ्या सकाळी फिरून सगळी वाट चालू नका. आदल्या दिवशी जिथे थवा भेटला किंवा कर्णा नुसता ऐकू आला, थेट त्या बुंध्याशी जा, पाठ टेका आणि घड्याळ बघून वीस मिनिटं उभे राहा.